दहा यार्डांची साखळी

आबा आमच्याकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटनला आले ते २०२४ च्या सप्टेंबरात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात बराच वेळ उभे होते. मला वाटलं, झोपेचं गणित बिघडलंय. तर म्हणाले, "इथे कुणाच्याच घराला कुंपण नाही. मग हद्द कळते कशी गं?"

छत्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात मोजणी केलेला माणूस. सातारा जिल्ह्यातले किती बांध पायाखालून गेले याचा हिशोब नाही. त्यांना घर, झाड, माणूस नंतर दिसतं, आधी हद्द दिसते. मी म्हटलं, "कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या पुरलेल्या असतात, नकाशाही असतो." "हां," म्हणाले, आणि शेजाऱ्यांच्या हिरवळीकडे असं बघितलं, जणू खुंटी वरूनच दिसतेय.

मुक्काम साडेपाच महिन्यांचा. मुलांकडे आलेल्या आईवडिलांचे दिवस कसे जातात हे अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी घराला ठाऊक आहे. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात, मग फिरणं, दुपारची झोप, मोबाइलवरच्या बातम्या आणि खिडकी. आबांची खिडकी रविवारी दुपारी सुटली, कारण समोर टीव्ही लागला होता आणि नवरा अमेरिकन फुटबॉल बघत होता.

आधी माझी कबुली देऊन टाकते. विस्कॉन्सिनमध्ये चौदा वर्षं काढूनही मला या खेळातलं काही कळत नव्हतं. ग्रीन बे आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर. तिथला संघ पॅकर्स, आणि सोमवारी ऑफिसात दुसरा विषय नसतो. त्यासाठी मी एक वाक्य पाठ केलं होतं: "डिफेन्सने फार सोसलं बिचाऱ्यांनी." संघ जिंकला असो की हरला, लोक मान डोलावतात. चौदा वर्षं या एका वाक्यावर काढली.

त्या रविवारी पडद्यावर नेहमीचंच चाललं होतं. शिरस्त्राणं घातलेली बावीस धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळत होती, ढीग होत होता, शिट्टी वाजत होती, सगळे उठून पुन्हा उभे राहत होते. मग कडेने दोन माणसं धावत मैदानात आली. दोघांच्या हातात एकेक नारिंगी दांडा आणि मध्ये साखळी. एकाने दांडा रोवला, दुसऱ्याने साखळी ताणली, पंच वाकून बघू लागला.

आबा खुर्चीत पुढे सरकले. "अगं, हे मोजणी करतायत!"

तोवर मला, नवऱ्याला किंवा आमच्या पोराला कुणालाही त्यांना हा खेळ समजावता आला नव्हता. पोराने कबड्डीची उपमा देऊन पाहिली, नवऱ्याने क्रिकेटची. साखळी दिसली आणि पुढच्या तासाभरात आबांनीच आम्हाला खेळ समजावला. मला कळलेला फुटबॉल हा असा मोजणीदाराकडून कळलेला आहे, तेव्हा खेळाडूंनी हसू नये.

मूळ गोष्ट एवढीच. हा चेंडूचा खेळ नाही, जमिनीचा आहे. मैदानाच्या दोन टोकांना दोन पट्ट्या असतात. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याने समोरच्याच्या पट्टीपर्यंत जमीन काबीज करत जायचं. पण ती एका दमात मिळवायची सक्ती नाही. चार प्रयत्न मिळतात आणि त्या चारांत दहा यार्ड, म्हणजे तीस फूट, पुढे सरकावं लागतं. सरकलात, की पुन्हा नवे चार प्रयत्न, पुढचे दहा यार्ड. नाही सरकलात, तर जिथे आहात तिथे चेंडू समोरच्याच्या हवाली.

या एकेका प्रयत्नाला डाऊन म्हणतात. चेंडूवाला माणूस खाली पाडला की तो प्रयत्न संपला. पडद्याच्या कोपऱ्यात 'सेकंड अँड सेव्हन' असं काहीतरी लिहून येतं, ते मी इतकी वर्षं कुठल्याशा गुणसंख्येसारखं बघत होते. त्याचा अर्थ, दुसरा प्रयत्न चालू आहे आणि अजून सात यार्ड बाकी आहेत. आबा ते सातबाऱ्यासारखं वाचायला लागले. "तीन मिळाले होते. आता सात राहिले. हा बघ, हा मधूनच घुसला, शून्य. तिसरा प्रयत्न, सात बाकी. आता लांब फेकल्याशिवाय गत्यंतर नाही." आणि खरंच, त्याने लांब फेकला.

फेकणारा तो क्वार्टरबॅक. प्रत्येक प्रयत्नाच्या आधी सगळे घोळका करून काहीतरी कुजबुजतात, ती त्या प्रयत्नाची योजना असते. मग एका रेषेवर समोरासमोर वाकून उभे राहतात. मधला गडी दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि त्याच्याकडे तीनएक सेकंद असतात. तेवढ्यात ठरवायचं: शेजारून धावणाऱ्याच्या पोटाशी चेंडू द्यायचा, की पुढे पळत सुटलेल्या गड्याकडे फेकायचा. पुढे फेकण्याची मुभा एका प्रयत्नात एकदाच, तीही त्या रेषेच्या मागूनच. फेकलेला चेंडू कुणी झेलला नाही आणि जमिनीवर पडला तर प्रयत्न वाया, पुन्हा होते तिथूनच सुरुवात. समोरच्यानेच झेलला तर मात्र बाजी उलटते, चेंडू त्यांचा होतो.

क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जण भिंतीसारखे उभे असतात. एकेकाचं वजन एकशे चाळीस किलोच्या आसपास. चेंडू फेकून होईपर्यंत समोरच्यांना अडवायचं, हे त्यांचं काम. मधला एक चेंडू मागे देतो तेवढाच, बाकीच्या चौघांचा त्या चेंडूला सहसा हातही लागत नाही. समालोचकाच्या तोंडी त्यांचं नाव येतं ते बहुतेक चुकल्यावरच. आबांचा जीव जडला तो या पाचांवर. "हे आमचे साखळीवाले," म्हणाले. "काट्याकुट्यातून साखळी ओढायची त्यांनी, आणि नकाशावर सही साहेबाची."

बचाव करणाऱ्यांबद्दल त्यांना तेवढं ममत्व वाटलं नाही. ती दुर्योधनाची बाजू, म्हणाले. सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन द्यायची नाही, हा त्यांचा धर्म. पण मी आता काही हंगाम बघितल्यावर सांगते, खरी गंमत त्याच बाजूला असते. आणि मी ते वाक्य उगाच पाठ केलं नव्हतं.

चौथा प्रयत्न ही या खेळातली सगळ्यात चविष्ट जागा. तीन झाले, अजून चार यार्ड बाकी आहेत. आता काय? हिंमत करून चौथ्यांदाही घुसायचं, तर फसल्यावर समोरच्याला इथेच, आपल्या दाराशी चेंडू मिळणार. म्हणून बहुतेकदा संघ पंट मारतात, म्हणजे लाथेने चेंडू शक्य तितका दूर पाठवतात. चेंडू तर जाणारच आहे, पण निदान समोरच्याला शिवाराच्या पार टोकाला नेऊन सोडायचं. पट्टी जवळ आली असेल तर तिसरा पर्याय: उंच उभ्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने मारायचा, त्याचे ३ गुण. चेंडू घेऊन थेट पट्टीत पोचलात तर तो टचडाऊन, ६ गुण. त्यानंतर खांबांमधून एक छोटी लाथ मारून आणखी १, किंवा जोखीम घेऊन पुन्हा एकदा पट्टीत घुसून २. उलट, आपल्याच पट्टीत चेंडूसकट आडवे झालात तर समोरच्याला २ गुण. घरात घुसून मारणं म्हणतात ते हेच.

पिवळा रुमाल पडला की कुणीतरी गुन्हा केला. आबांना इथली दंडाची पद्धत बेहद्द आवडली. आधीच हलला, ५ यार्ड मागे. समोरच्याला धरून ठेवलं, १० यार्ड मागे. "दंड पैशात नाही, जमिनीतच वसूल! आपल्याकडे बांध कोरणाऱ्याला हेच केलं असतं तर निम्मे दावे उभेच राहिले नसते."

संध्याकाळी त्यांनी पोराला मैदानाची मापं काढायला लावली. दोन्ही पट्ट्या धरून लांबी ३६० फूट, रुंदी १६० फूट. कागद-पेन्सिल मागवली. तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा, हे त्यांच्या बोटांत आहे. "एक एकर, आणि तेरा गुंठ्यांना जरासे कमी," ते म्हणाले. "एवढ्याशा तुकड्यासाठी दोन्हीकडून अकरा-अकरा जण? मग आमच्याकडचे भाऊ परवडले, तिथे दोघांतच भागतं."

लोकांची या खेळाबद्दल एक नेहमीची तक्रार असते, तो सारखा थांबतो. खरं आहे. घड्याळात ६० मिनिटं, टीव्हीसमोर तीन तास, आणि चेंडू प्रत्यक्ष हलतो तो जेमतेम अकराएक मिनिटं. पण ही तक्रार क्रिकेटवाल्यांनी करू नये. आपणही एकेका चेंडूनंतर अर्धा मिनिट क्षेत्ररक्षण बदलताना बघतो आणि त्याला डावपेच म्हणतो. इथेही तेच. खेळ थांबतो तेव्हाच तो चाललेला असतो.

आणि हे थांबणं नेमकं कुठून आलं याची एक छान कथा आहे. सुरुवातीला हा खेळ इंग्रजांच्या रग्बीचाच भाऊ होता. १८८० मध्ये येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प याच्या आग्रहाने नियम झाला, की झटापटीनंतर चेंडू एकाच संघाच्या ताब्यात देऊन समोरासमोर रेषेवर उभं राहायचं. पण चेंडू सोडायचा कधी, हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टनने याचा फायदा घेतला. अर्धा सामना एक संघ चेंडू कवटाळून बसला, अर्धा सामना दुसरा. निकाल शून्य-शून्य. जमीन कसायचीही नाही आणि सोडायचीही नाही, असला प्रकार. तेव्हा १८८२ मध्ये अट आली: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू द्या. आता पाच यार्ड झाले की नाही हे कळणार कसं? म्हणून मैदानभर दर पाच यार्डांवर चुन्याच्या रेघा आखल्या गेल्या. तेव्हापासून मैदान भाजायच्या जाळीसारखं दिसायला लागलं आणि त्यावरूनच खेळाला ग्रिडआयर्न हे नाव पडलं. आधी कायदा आला, मग मोजणी. आबांना यात काहीच नवल वाटलं नाही.

पण पाच यार्ड ही मिळवायला फार सोपी जागा. सगळे मिळून एका बिंदूवर रेटा देत, हातात हात गुंफून भिंत करून घुसत. हाडं मोडत, माणसं मरत. १९०५ च्या एका हंगामात अठरा-एकोणीस जण दगावल्याची नोंद आहे, बरीचशी शाळा-कॉलेजातली पोरं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने मोठ्या विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ मध्ये पाचाचे दहा यार्ड झाले आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे गर्दी एका जागी न होता मैदानभर पसरेल. चौथा प्रयत्न १९१२ मध्ये आला. त्यानंतर अंतराचं हे माप आजतागायत बदललेलं नाही.

माणसं मात्र अजून मोडतात. २००२ मध्ये पिट्सबर्गमध्ये माइक वेब्स्टर हा मोठा खेळाडू पन्नाशीत गेला. त्याच्या मेंदूची तपासणी डॉ. बेनेट ओमालू यांनी केली, तेव्हा वर्षानुवर्षांच्या धडकांनी काय होतं ते दिसलं. वेब्स्टर त्या भिंतीतल्या पाचांपैकीच, मधला. आमचा पोरगा शाळेच्या बँडमध्ये ट्रोम्बोन वाजवतो, संघात नाही. हा निर्णय आमच्या घरात पाच मिनिटांत झाला होता. खेळ आवडायला लागला म्हणून मी तो बदललेला नाही.

बँडमुळेच शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानावर जाणं व्हायचं. ऑक्टोबरातली ती थंडी. गुडघ्यांवर ब्लँकेट, हातात गरम चॉकलेट. आबांनी माकडटोपी घातली होती आणि तिच्या आतून पहिला प्रश्न आला, "पिवळी रेघ कुठाय?" टीव्हीवर दहा यार्डांची हद्द दाखवणारी पिवळी रेघ दिसते ना, ती. ती मैदानावर नसतेच, १९९८ पासून टीव्हीवाले संगणकाने काढतात. इथे होती ती फक्त साखळी. आणि साखळीचा मागचा दांडा धरून उभे होते आमचे शेजारी.

सत्तरीचे गृहस्थ, कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेले. गेली बावीस वर्षं दर शुक्रवारी शाळेच्या सामन्यात ते साखळी धरतात. पैसे नाहीत, सामना मात्र सगळ्यात जवळून दिसतो. त्यांच्या दिवाणखान्यात पॅकर्सचा शेअर चौकटीत लावलेला आहे. या संघाला कुणी धनाढ्य मालक नाही, पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. यांनी १९९७ मध्ये दोनशे डॉलर देऊन एक घेतला. लाभांश नाही, विकता येत नाही. मी आबांना म्हटलं, सहकारी साखर कारखान्यासारखंच. त्यांनी विचारलं, "मग दिवाळीला साखर किती देतात?" शेजाऱ्यांना हे भाषांतर करून सांगितल्यावर ते इतके हसले, की दुसऱ्या दिवशी दारात साखरेची पिशवी आणून ठेवली.

याच शेजाऱ्यांनी मला 'आइस बोल' नावाच्या गाजलेल्या सामन्याबद्दल सांगितलं. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बेचं लॅम्बो फील्ड, उणे पंचवीस अंश सेल्सिअस. पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या, तेव्हा त्यांनी नुसत्या आरोळ्यांवर सामना चालवला. शेवटची सोळा सेकंदं, डॅलस काउबॉइज पुढे, पॅकर्सना पट्टी गाठायला साधारण दोन फूट बाकी. क्वार्टरबॅक बार्ट स्टार याने चेंडू कुणाला दिलाच नाही, भिंतीला धरून स्वतःच आत शिरला. २१-१७. त्या दिवशी मैदानात पन्नासेक हजार माणसं होती. विस्कॉन्सिनमध्ये मात्र ज्याला विचारावं तो तिथे हजर होता. "मी नव्हतो," शेजारी म्हणाले, "मी घरी रेडिओला कान लावून बसलो होतो." असं सांगणारे मला भेटलेले ते पहिलेच.

तर त्या शुक्रवारी दुसऱ्या सत्रात वेळ आली. तिसरा प्रयत्न, थोडेच इंच इकडे की तिकडे. पंचाने हात केला आणि साखळी मैदानात निघाली. आबा कठड्याजवळ जाऊन उभे राहिले. त्यांना एक गोष्ट दिसली जी मला कधीच दिसली नसती. साखळीच्या मधल्या एका कडीला एक चिमटा लावलेला होता. मैदानावरच्या पाच यार्डांच्या रेघेवर साखळी जिथे येते, तिथे तो आधीच लावून ठेवतात. मैदानात गेल्यावर तो चिमटा त्याच रेघेवर टेकवतात आणि मग साखळी ताणतात. "कायम खुणेवरून घेतात," आबा म्हणाले. "शाबास. नाहीतर धावताना दांडा हलला असता."

पुढचा दांडा रोवला गेला. चेंडूचं नाक त्याच्या दोन बोटं अलीकडे. मैदानभर उसासा.

आबा मात्र वेगळ्याच विचारात होते. घरी येताना गाडीत म्हणाले, "मोजणी चोख आहे. पण चेंडू तिथे ठेवला कुणी?"

पंचाने. दहा-बारा माणसांच्या ढिगाखालून चेंडू काढून, गुडघा इथे टेकला असावा अशा अंदाजाने. मागचा दांडाही असाच, कडेला लांब उभं राहून नजरेने रोवलेला.

"म्हणजे खूण अंदाजाने, आणि मोजणी सुतात," आबा म्हणाले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत हसत राहिले. "अगदी आमच्यासारखंच की."

फेब्रुवारीत ते परत गेले. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या हंगामापासून, एनएफएलने, म्हणजे पॅकर्स खेळतात त्या व्यावसायिक लीगने, हे माप कॅमेऱ्यांवर सोपवलं. साखळी आता कडेला उभी असते, अडीअडचणीपुरती. मी फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "आमच्याकडेही आता रोव्हर आलाय. उपग्रहावरून सेंटिमीटरात माप. पण बांध मुळात कुठे होता, हे शेतकरीच दाखवतो ना? चेंडू कोण ठेवतं तिथे?" मी म्हटलं, पंचच. "हां," म्हणाले.

शाळेच्या मैदानावर मात्र जुनीच साखळी आहे. २०२४ चा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना संपला, तेव्हा माणसं पांगली, बँडवाले आपली वाद्यं गाडीत भरू लागले, आणि शेजारी साखळी गुंडाळायला बसले होते. आबांनी मला पुढे केलं, "विचार, एकदा बघू का." शेजाऱ्यांनी काही न बोलता एक दांडा त्यांच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन ते उलटे चालत गेले. साखळी गवतावरून उचलली गेली, ताणली गेली, मधला झोळ निघाला. दोघेही आपापल्या टोकाला जरा वाकून उभे. आबांनी दांडा खांद्याला टेकवला आणि साखळीच्या कडेने शांतपणे, मोजकी पावलं टाकत दुसऱ्या टोकाला गेले.

मोजणीची आमच्याकडची जुनी साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. ही तीस फुटांची.

"साडेचौदा आणे," आबा म्हणाले.

शेजाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणतायत? आता आणे कुठून समजावून सांगू? मी म्हटलं, यांच्या मापाने तुमची साखळी तीन फूट आखूड आहे.

शेजाऱ्यांनी साखळीकडे बघितलं, मग आबांकडे, आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "कुणाच्या बाजूने?"

मी भाषांतर केलं. आबा माकडटोपी काढून हसले, आणि मग दोघं मिळून साखळी गुंडाळू लागले.